फ्रेंच आणि मराठीच्या मध्ये इंग्रजी कशाला?

प्रति,
मुंबई, पुणे आणि गोवा येथील विद्यापीठांचे फ्रेंच विभागप्रमुख, प्राध्यापक, अभ्यास मंडळांचे सदस्य आणि संशोधक विद्यार्थी यांस

विषय : फ्रेंच आणि फ्रँकोफोन अध्ययनाच्या संशोधनात मराठीला स्थान मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

दया पवारांचं ‘बलुतं’ इंग्रजी वाचकाच्या हाती पडलं ते २०१५ मध्ये. फ्रेंच वाचकाने ते १९९० मध्येच वाचलं होतं. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ इंग्रजीत आलं २००८ मध्ये, फ्रेंचमध्ये १९९१ मध्ये. हे दोन्ही फ्रेंच अनुवाद गी पॉइत्वाँ यांचे. हा माणूस फ्रान्समध्ये जन्मला, पुण्यात स्थायिक झाला, भारताचा नागरिक झाला आणि हेमा राईरकरांच्या सोबतीने मावळातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करत गावोगाव फिरला. त्या संग्रहात आज एक लाखाहून अधिक ओव्या आहेत.

उलट दिशेचं उदाहरण याहून जुनं आहे. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा मराठी भाषेच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. मराठीच्या इतिहासाचा विचार करणाऱ्याला आजही त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ मध्ये मराठीत आणला. इंग्रजी भाषांतराला १९७० साल उजाडलं. म्हणजे आपल्या भाषेवरचा हा मूळ ग्रंथ मराठी वाचकाला इंग्रजी वाचकाच्या २९ वर्षं आधी मिळाला. परांजपे स्वतः पॅरिसच्या विद्यापीठासाठी कात्यायन या संस्कृत वैयाकरणाच्या वार्तिकांवर फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिलेले गृहस्थ होते. ब्लॉकला मराठीत आणण्यासाठी त्यांना कुणा मध्यस्थाची गरज नव्हती.

मराठी आणि फ्रेंच यांच्यात थेट ये-जा होती, आणि ती चांगल्या दर्जाची होती. पण ती होती एकेकट्या माणसांच्या ध्यासावर. माणूस गेला की वाट बुजली. विद्यापीठाने ही वाट आपली मानावी, तिची निगा राखावी आणि त्यासाठी तिन्ही विद्यापीठांनी मिळून एक संशोधन केंद्र काढावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

‘फ्रँकोफोन’, म्हणजे फ्रेंच बोलणारा माणूस किंवा देश, हा शब्द आता विभागांच्या पाट्यांवर स्थिरावला आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातलं केंद्र फ्रेंच आणि फ्रँकोफोन अध्ययनाचं म्हणूनच ओळखलं जातं. हा बदल आवश्यकच होता. जगात फ्रेंच बोलणारे सुमारे ३२ कोटी लोक आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत राहतात. फ्रेंच म्हणजे पॅरिस हे समीकरण केव्हाच कालबाह्य झालं. म्हणून अभ्यासक्रमात सेनेगल आला, क्यूबेक आला, अल्जीरिया आणि मार्टिनिक आले. छान झालं. पण या सगळ्या देशांकडे आपण बघतो कुठून? विषय पॅरिसमध्ये ठरतो, पद्धत तिथूनच येते, संदर्भसूची तिथली, आणि प्रबंध लिहिणारा मुलगा मात्र सांगलीचा किंवा म्हापशाचा. त्याच्या जागी फ्रान्समधल्या ल्योंचा मुलगा बसवला तरी प्रबंधात एका ओळीचाही फरक पडणार नाही. मग आपल्याकडे वेगळं संशोधन केंद्र हवंच कशाला, असं उद्या कुणी विचारलं तर काय उत्तर देणार?

उत्तर आहे. माझ्या मते त्याची सुरुवात मॉरिशसपासून होते.

१७१५ पासून १८१० पर्यंत हे बेट फ्रेंचांकडे होतं, नंतर इंग्रजांकडे गेलं. राज्य बदललं, तरी फ्रेंच भाषा काही हलली नाही. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर कराराने बांधलेले गिरमिटिया मजूर उतरू लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबंही होती, कोकणातली बरीच. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली तिथली भाषा बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचतात, सरकारी कागद इंग्रजीत भरतात आणि शाळेत मराठी शिकतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते. आपली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. सरकारी नाट्यमहोत्सवात मराठी नाटकंही होतात. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे, आणि गिरमिटिया मजुरांच्या नोंदवह्यांचं दफ्तरही त्याच संस्थेत जपलेलं आहे. हा देश फ्रँकोफोनीच्या संघटनेत १९७० पासून आहे. १९९३ ची शिखर परिषद तिथेच भरली होती.

म्हणजे फ्रँकोफोन जगात मराठी माणूस पाहुणा नाही, पाचसहा पिढ्यांचा रहिवासी आहे. एकाच घरात चार भाषा कशा नांदतात, कुठली भाषा देवघरात असते, कुठली भांडणात आणि कुठली नोकरीच्या अर्जात, जाखडीच्या गाण्यात क्रिओल शब्द कधी शिरले, आजीची ओवी नातीला कळते का, असे शेकडो प्रश्न तिथे पडून आहेत. यावर काम करायला फ्रेंच हवी, थोडी क्रिओल शिकायला हवी आणि मराठी हवी. नुसती पुस्तकी मराठी पुरायची नाही, चिपळूण-संगमेश्वरकडची कानावर पडलेली हवी. असा माणूस पॅरिसला मिळायचा नाही. दिल्लीलाही अवघडच. तो तुमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेला आहे आणि त्याला कुणी हे सांगितलेलंच नाही.

आता दफ्तरखान्यांकडे येते. इथे माझा राग थोडा जास्त आहे, तो समजून घ्यावा.

शिवाजी महाराज १६७७ मध्ये कर्नाटकच्या मोहिमेवर असताना पाँडिचेरीचा फ्रेंच कारभारी फ्रांस्वा मार्तँ याने आपला वकील त्यांच्याकडे धाडला. मार्तँच्या आठवणींत त्या छावणीचं वर्णन आहे : डामडौल नाही, बायकांचा लवाजमा नाही, तंबू दोनच, तेही जाड्याभरड्या कापडाचे आणि लहान, एक महाराजांचा, दुसरा पेशव्यांचा. हे वर्णन किती मराठी व्याख्यानांतून आणि लेखांतून ऐकलं-वाचलं असेल! पण ते बहुतेक वेळा इंग्रजीवरून मराठीत आलेलं असतं. आबे कार्रे या फ्रेंच पाद्र्याने महाराजांविषयी जे लिहिलं, ते सुरेंद्रनाथ सेनांनी इंग्रजीत आणलं आणि आपण ते तिथून उचललं. सेनांचे उपकारच आहेत. पण शिवकाळाइतका जिव्हाळ्याचा विषय, मूळ साधनं फ्रेंचमध्ये, राज्यात एवढे फ्रेंच विभाग, आणि तरी आपण अजून दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो, याची कुणालाच खंत का वाटू नये?

१७७७ मध्ये सँ-ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्याला आला. नाना फडणविसांनी त्याला दरबारात मान दिला आणि मुंबईकर इंग्रजांचं धाबं दणाणलं. पुढच्या वर्षी इंग्रजांनी पुन्हा लढाई उकरून काढली, तिच्यामागे ही धास्तीही होती. या प्रकरणाचा एक पदर पुण्यात मोडी कागदांत, दुसरा फ्रान्सच्या दफ्तरखान्यांत. पुण्यात मोडी वाचणारे आहेत, फ्रेंच वाचणारेही आहेत. फर्ग्युसन रस्त्यावरच्या फ्रेंचच्या वर्गांतून मोडी कागद जपणाऱ्या भारत इतिहास संशोधक मंडळापर्यंत चालत जायला फार वेळ लागत नाही. तरी हे दोन वाचक एका टेबलाशी सहसा बसत नाहीत.

महादजी शिंद्यांची कवायती फौज उभी करणारा बन्वा द ब्वान्य हा शांबेरीचा. त्याला आपण सर्रास फ्रेंच म्हणतो. खरं तर तो जन्मला तेव्हा त्याचा सावॉय प्रांत फ्रान्समध्ये नव्हताच. त्या गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे आणि चार हत्तींचं कारंजं आहे. महादजींच्या चाकरीत मिळालेला पैसा घेऊन तो गावी परतला आणि त्यातला बराचसा त्याने गावावरच खर्च केला. त्याच्या नंतर आलेला पेराँ हा मात्र फ्रेंचच. या दोघांवर इंग्रजीत पुस्तकं आहेत. मराठी आणि फ्रेंच कागद समोरासमोर ठेवून लिहिणारा अभ्यासक तुमच्या केंद्रातून निघाला पाहिजे.

हे अशक्य आहे असं म्हणू नका, कारण शेजारच्या भाषेत ते झालेलं आहे. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तर आयुष्यभर उपसलं आणि पोर्तुगेज-मराठे संबंधांचा इतिहास मराठीत उभा केला. त्यानंतर मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्या कुणालाही गोव्याच्या दफ्तराकडे काणाडोळा करता आला नाही. फ्रेंचांच्या बाबतीत आपल्याला एक पिसुर्लेकर मिळाला नाही. संशोधन केंद्र हवं ते यासाठीच. पिसुर्लेकर पुन्हा जन्मण्याची वाट बघत बसण्यापेक्षा चारपाच जणांनी मिळून तेवढं काम उरकावं.

आणि हल्ली बऱ्याच कामाला विमानाचं तिकीटही लागत नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘गॅलिका’ हा संग्रह कुणालाही फुकट उघडता येतो. सावरकरांनी ८ जुलै १९१० ला मार्सेयच्या बंदरात उडी घेतली. त्यानंतर फ्रेंच वर्तमानपत्रांत जो गदारोळ झाला, ‘ल्युमानिते’ या समाजवादी पत्राने फ्रेंच भूमीवरच्या आश्रयाच्या हक्कावरून सरकारला जे धारेवर धरलं, ते सगळं लातूरच्या वसतिगृहात बसून मोबाइलवर वाचता येईल. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि १९११ मध्ये निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला, इथपर्यंत आपण शाळेत शिकतो. फ्रेंच समाजवाद्यांना ही उडी नेमकी कशी दिसली, हे मराठीत तारखा-उताऱ्यांसकट मांडणं हा पदव्युत्तर विद्यार्थ्याचा एका सत्राचा प्रकल्प आहे. सावरकर आवडत असोत वा नसोत.

साहित्याच्या बाजूने तर विषयांची वाण नाही. बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. तिकडे मार्टिनिकचा एमे सेझेर आणि सेनेगलचा सेंघोर हे कवी याच तीन शब्दांचा जाब फ्रान्सला विचारत होते : काळ्या माणसाच्या वाट्याला यातलं काय आलं? १९३० च्या दशकातली त्यांची ‘नेग्रित्यूद’ ही काळ्या अस्मितेची चळवळ आणि १९७२ मधली दलित पँथर, यांची तुलना करण्याऐवजी आपण नेहमी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरपाशी थांबतो, कारण ते इंग्रजीत आहे. सेझेर आणि ढसाळ शेजारी ठेवून वाचायचे तर फ्रेंच आणि मराठी दोन्ही मुळातून यायला हव्यात. त्या कुणाला येतात? पुन्हा तुमच्याच विद्यार्थ्यांना.

जाता जाता : मराठी रंगभूमीवर फ्रेंच नाटककार मोलिएर हरिभाऊ आपट्यांच्या ‘मारून मुटकून वैद्यबुवा’तून आला आणि अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मधूनही. प्रेक्षक पोट धरून हसले. मोलिएरच्या मूळ संहितांशी ही रूपांतरं ताडून पाहण्याचं काम नाट्यशास्त्राच्या विभागावर सोडून मोकळं होऊ नये, एवढंच म्हणते.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण मीही या वर्गांतूनच बाहेर पडले आहे.

पहिलं म्हणणं नोकरीचं. अकरावी-बारावीला मुलं फ्रेंच घेतात ती मार्कांसाठी, पुढे शिकतात ती पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत फ्रेंच ग्राहकांचे फोन आणि ईमेल हाताळण्यासाठी. खरं आहे. मीही यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची शब्दागणिक दराने भाषांतरं करून पोट भरलं आहे आणि त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण यंत्र-भाषांतर आल्यापासून त्या दराचं काय झालं हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. फ्रेंच-इंग्रजी भाषांतर करणारे जगभर मुबलक आहेत. फ्रेंच, मराठी आणि मोडी जाणणारा माणूस सहजासहजी सापडणार नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं. मराठीच्या नावाने जो काही निधी आणि ज्या काही जागा येतील, त्यांत परकीय भाषांतल्या साधनांचा वाटा कुणीतरी मागायला हवा. तुम्ही नाही मागितला तर कोण मागणार?

दुसरं म्हणणं माणसांचं. निम्मे शिकवणारे तासिका तत्त्वावर, मंजूर पदं रिकामी, मार्गदर्शक मोजके, त्यांच्याकडच्या जागा भरलेल्या. याला माझ्याकडे सोपा तोडगा नाही, आणि जो माणूस दर जूनला पुन्हा नेमणुकीची वाट बघतो त्याला ‘दफ्तरखान्यात जा’ म्हणून सांगणं क्रूर आहे हेही कळतं. पदं भरली पाहिजेत, ही मागणी या पत्रातल्या सगळ्या मागण्यांच्या आधीची आहे. पण सहमार्गदर्शकाची सोय नियमांत आहे. फ्रेंचचा एक मार्गदर्शक आणि मराठीचा किंवा इतिहासाचा एक, अशी जोडी जमवायला नवं पद लागत नाही.

लागते ती फक्त इच्छा. माझ्या एका मैत्रिणीने मराठी कवितेच्या फ्रेंच अनुवादांवर पीएच.डी.चा प्रस्ताव दिला होता. फ्रेंचवाल्यांनी सांगितलं, हा विषय मराठीचा. मराठीवाल्यांनी सांगितलं, हा फ्रेंचचा. ती दोन वर्षं दोन मजल्यांमध्ये फिरली आणि शेवटी एका फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्यांतल्या निवेदनपद्धतीवर प्रबंध लिहून मोकळी झाली. प्रबंध चांगला आहे. तो कुणी वाचलेला नाही.

तिसरं म्हणणं कुणी उघड बोलत नाही, पण असतं : मराठीत लिहिलेल्या शोधनिबंधाला किंमत काय? फ्रेंचमध्ये लिहिला तर परदेशात कुणी विचारेल, इंग्रजीत लिहिला तर बढतीला उपयोग. मराठीत लिहिला तर? माझं म्हणणं असं की फ्रेंचमध्ये जरूर लिहा, पण प्रत्येक प्रबंधाचा पन्नासएक पानांचा मराठी सारांश विद्यापीठाने बंधनकारक करावा आणि तो सगळ्यांना वाचायला खुला ठेवावा. मराठी वाचकाला परक्या विषयांचं वावडं नाही. साठोत्तरी पिढीने काम्यू आणि सार्त्र तहानेने वाचले. त्यांतल्या बहुतेकांना ते इंग्रजीतून वाचावे लागले, कारण मुळातून आणून देणारे हात कमी होते.

पाँडिचेरीची फ्रेंच संस्था १९५५ पासून काम करते आहे. तिथे संस्कृत आणि तमिळच्या हस्तलिखितांवर जे झालं ते पाहून मला हेवा वाटतो. तिथे फ्रेंच राज्य होतं, इथे नव्हतं, हे कारण काही अंशी पटतं. पण ब्लॉक मराठीकडे वळला तो काही पुण्यावर फ्रेंच निशाण होतं म्हणून नव्हे. गी देल्युरी या फ्रेंच जेझुइटाने तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, वारीचा आणि विठ्ठलाचा अभ्यास केला. शार्लोत व्होदव्हील यांनी ज्ञानदेवांचा हरिपाठ फ्रेंचमध्ये नेला. तिकडून माणसं आली, आपल्याकडे राहिली, शिकली. आपण त्यांना चहा पाजला, सत्कार केले. त्यांचं काम पुढे नेणारं एक टेबल मात्र मांडलं नाही.

तेव्हा मागणं मोठं नाही. इमारत नको, उद्घाटनाचा दगड नको. तिन्ही विद्यापीठांनी मिळून एक संयुक्त केंद्र कागदावर आणावं आणि पहिल्या वर्षी तीनच कामं हाती घ्यावीत. मराठीतून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून मराठीत आजवर थेट काय-काय गेलं, त्याची एक विश्वासार्ह सूची करावी. ती नसल्यामुळे दर नवा अभ्यासक पहिल्यापासून सुरुवात करतो. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मोडी आणि अठराव्या शतकातलं फ्रेंच हस्ताक्षर वाचण्याचा एक ऐच्छिक पेपर ठेवावा, तो शिकवायला इतिहासवाल्यांना बोलवावं. आणि मॉरिशसच्या संस्थेशी करार करताना फोटो काढून थांबू नये, दरवर्षी निदान एक विद्यार्थी इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे असा लेखी नियम असावा. तिकडून येणाऱ्याला मराठी विभागात बसवा, इकडून जाणाऱ्याला क्रिओल शिकू द्या.

अभ्यास मंडळांच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा ही विनंती. सूचीच्या कामाला मी विनामूल्य वेळ द्यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी काही अनुवादक माझ्या माहितीत आहेत, त्यांनाही आणीन. उत्तर मराठीत द्या किंवा फ्रेंचमध्ये, दोन्ही चालेल.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि अनुवादक